काटा स्नायू मोजतो का?

वजन उतरवायचं आठवड्याचं इंजेक्शन घेणारे बरेच जण विचारतात, ‘सर, घरचा काटा म्हणतोय स्नायू दोन किलो घटले. औषध बंद करू?’ मीही तेच इंजेक्शन घेतो, त्यामुळे प्रश्न माझाही आहे.

घरचा काटा स्नायू मोजतच नाही. तो तळपायातून बारीक विद्युतप्रवाह सोडतो, त्याला किती अडथळा झाला ते पाहतो आणि उंची, वय घालून अंदाज बांधतो. अंगातलं पाणी हललं की आकडा हलला. इथे एन्नोरला मे महिन्यात खाडीपर्यंत चालून आलं की बनियन पिळावा लागतो. तसंच काट्यावर चढलात तर काय कळणार?

‘डेक्सा’ हे क्ष-किरणांचं यंत्र जास्त भरवशाचं. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेली तुलना बघा. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१! म्हणजे आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी. म्हणून ही चिंता खोटी नाही.

पण डेक्साही चरबी आणि हाडं सोडून उरलेलं सगळं एकत्र धरतो. त्यात यकृत आलं, पाणीही आलं. सेमाग्लुटाइडच्या ‘स्टेप १’ चाचणीत १४० जणांचा डेक्सा काढला होता. औषध घेणाऱ्यांच्या घटीत सुमारे ३९ टक्के वाटा या ‘उरलेल्या’चा होता. ते सगळे स्नायू नव्हेत.

फायरिंग रेंजवर आम्ही आधी ग्रुपिंग बघायचो. गोळ्या एका जागी पडत असतील तर साइट जुळवता येते, विखुरल्या तर नाही. तेच इथे. यंत्र एकच, वेळ सकाळची, पोट रिकामं. मग दोन-तीन महिन्यांचा कल बघा, एका दिवसाचा आकडा नको.

आणि ताकद मोजा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे हाताची पकड पुरुषांत २८ किलोच्या खाली, बायकांत १८ च्या खाली गेली, किंवा हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागली, तर सावध व्हायचं. माझा डेक्साचा आकडा उतरलाय, पण खुर्चीची वेळ अकरावरून नऊवर आली. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, डाळ-अंडी वाढवली आणि वजनं उचलायला लावली. तुमचे दोन्ही आकडे घसरत असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, इंजेक्शन परस्पर थांबवू नका.