हिशेबनिसाने जपलेले कागद

(मंडळाच्या कोजागिरी मदतनिधी कार्यक्रमात समितीच्या वतीने केलेले भाषण)



मसाला दूध आटतंय, तोवर तुमची पाचच मिनिटं घेतो. यंदाचा निधी, परक्या देशांतल्या तुरुंगात छळ सोसून इथे आलेल्या लोकांना न्यायासाठी मदत करणाऱ्या संस्थेला द्यायचा, असं ठरलं तेव्हा आमच्या समितीतच वाद झाला. ‘शाळेला देऊ, दवाखान्याला देऊ, कोर्टकचेरीला कशाला?’ असं काहींचं म्हणणं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आपण मोठे झालो ना! मग आम्ही एका हिशेबनिसाची हकिगत वाचली आणि आमचं मत बदललं.

आफ्रिकेत चाड नावाचा देश आहे. तिथे १९८२ ते १९९० हिसेन हाब्रे याची हुकूमशाही होती. अमेरिका आणि फ्रान्सचा त्याला पाठिंबा होता. राजधानी एन्जामेनात पोहण्याच्या एका जुन्या तलावावर छत घालून त्याचाच तुरुंग केला होता. या राजवटीत सुमारे ४०,००० माणसं मारली गेली, असा अंदाज पुढे चाडच्याच चौकशी आयोगाने दिला.

सुलेमान गेंगेंग हे साधे हिशेबनीस. १९८८ मध्ये खोट्या आरोपावरून त्यांना पकडलं. कोठडीत सोबती डोळ्यांदेखत मरत होते. तेव्हा त्यांनी देवाला शब्द दिला, की जिवंत सुटलो तर न्यायासाठी लढेन. १९९० मध्ये हाब्रे सेनेगलला पळाला आणि गेंगेंग सुटले. त्यांनी हाती शस्त्र घेतलं नाही, कागद घेतला! सोबत्यांना घेऊन ७९२ जणांच्या जबान्या लिहून काढल्या. पण जुने अधिकारी अजून खुर्चीवरच होते, म्हणून ते कागद कित्येक वर्षं घरात लपवून ठेवले.

२००० मध्ये तेच कागद घेऊन पीडित सेनेगलच्या कोर्टात गेले. ‘आम्हाला अधिकार नाही’, असं उत्तर मिळालं. मग ते बेल्जियमला गेले. २००१ मध्ये गुप्त पोलिसांच्या ओस पडलेल्या कचेरीत हजारो कागद विखुरलेले सापडले. त्यांत १२,३२१ पीडितांची नावं होती. त्याच वर्षी त्यांच्या वकील जॅकलिन मुदैना यांच्यावर हातबॉम्ब फेकला गेला. त्या जखमी झाल्या, पण खटला सोडला नाही. शेवटी २०१२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सेनेगलला बजावलं : खटला चालवा, नाहीतर त्याला दुसऱ्या देशाच्या हवाली करा.

३० मे २०१६ रोजी डाकारमधल्या खास न्यायालयाने हाब्रेला जन्मठेप दिली. २०१७ च्या अपिलातही ती कायम राहिली. २०२१ मध्ये तो कैदेतच वारला.

सगळं गोड झालं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. निकाल ऐकायला कित्येक पीडित उरलेच नव्हते. न्यायालयाने भरपाई मंजूर केली, पण निकालानंतरही लोक वर्षानुवर्षं तिची वाट बघत बसले. तरीही कोठडीत जे घडलं ते खोटं होतं, असं आता कुणाला म्हणता येणार नाही. ते कोर्टाच्या दप्तरी कायमचं नोंदलं गेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात आमच्या पाच-दहा पौंडांनी काय होणार? मंडळी, त्या वेळी कुणी जबानी लिहून घेतली नसती, तर पुढच्या कोर्टाला वाचायला होतं काय? आपल्या पैशातून दुभाष्याचे दोन तास होतील, डॉक्टरांचा एक अहवाल होईल, एक जबानी टाइप होईल. आज त्याचं काही होणारही नाही. कदाचित पंचवीस वर्षांनी कुणा न्यायाधीशापुढे तोच कागद ठेवला जाईल.

दाराशी पेटी ठेवली आहे. फूल ना फुलाची पाकळी टाका, आणि मग निवांत दूध घ्या.