रोवणीनंतरची कंबर



आषाढाचा पाऊस स्थिरावला की गोंदिया जिल्ह्यात रोवणीला वेग येतो. आमगाव असो, सालेकसा असो वा अर्जुनी मोरगाव. चिखल केलेल्या बांधीत उभ्या राहून, गुडघे सरळ ठेवून, केवळ कमरेतून वाकून आपल्या भगिनी पऱ्हे रोवीत मागे मागे सरकतात. हे दिवसभर चालते, आणि पुढे कित्येक दिवस चालते. श्रावण सरता सरता त्यांच्यापैकी अनेकजणी कमरेवर हात टेकून दवाखान्याच्या ओसरीत बसलेल्या दिसतात. तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या, जुनाट झालेल्या या कंबरदुखीविषयी आज बोलायचे आहे.

असे तासन् तास वाकून राहिले की पाठीचे स्नायू हळूहळू सैल पडतात आणि सारा भार कण्यामागच्या अस्थिबंधांवर येतो. ते ताणले जातात. म्हणूनच उठताना कंबर ‘धरते’. येथे बहुतेक वेळा काही मोडलेले नसते, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

परंतु आपल्याकडे एक शब्द फार भय निर्माण करतो : ‘मणक्यात गॅप आला’. हा शब्द कानी पडताच घरात सुतकी वातावरण होते, उसनवारी करून नागपूरला एमआरआय काढला जातो. वस्तुस्थिती काय आहे? कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीतील निरोगी माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या आढळल्या. विशीतील तरुणांतही हे प्रमाण ३७ टक्के होते. केस पिकावेत तशीच ही झीज. छायाचित्रात ती दिसली म्हणजे वेदनेचे मूळ सापडले, असे नव्हे.

दुसरा गैरसमज विश्रांतीचा. ‘महिनाभर पडून राहा’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण अंथरुणावर स्नायू दुबळे होतात आणि दुखणे लांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अखेरीस जुनाट कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांना स्थान आहे. कमरपट्टा आणि वजने लावून ओढ देणे यांची नित्याची शिफारस मात्र नाही. कमरपट्ट्यावर पैसे घालवलेली घरे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असतील. त्याहून घातक आहे ते गावात फिरून दिले जाणारे ‘दुखण्याचे इंजेक्शन’ आणि पुडीतल्या निनावी गोळ्या. त्यांत स्टेरॉइड असल्यास दोन दिवस बरे वाटते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड यांना इजा पोहोचते.

मग करावे काय? चालावे. आज दहा मिनिटे, आठवड्याने पंधरा. थोडे दुखले म्हणजे इजा झाली, असे मानू नये. योगासनांचा उपयोग होतो, हे केवळ अभिमानापोटी सांगत नाही : अमेरिकेतील बोस्टन येथे ३२० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात बारा आठवड्यांच्या योगवर्गाचा लाभ फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. मात्र जी स्त्री दिवसभर पुढे वाकली आहे, तिला सायंकाळी पश्चिमोत्तानासन सांगण्यात शहाणपण नाही. तिने भुजंगासन, सेतुबंधासन करावे, तेही सोसेल तितकेच. बांधीतही अधूनमधून उभे राहून, तळहात कमरेवर ठेवून, चार-पाच वेळा मागे झुकावे. मुकादमाला हा वेळेचा अपव्यय वाटेल, वाटू द्यावा.

काही लक्षणांत मात्र घरगुती उपाय नकोत. लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता, पायातील बळ झपाट्याने कमी होणे : यांत एक रात्रही थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारी वेदना असल्यास मणक्याच्या क्षयरोगाची शंका घेऊन तपासणी करून घ्यावी. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; प्रत्येक वेळी नागपूरची वाट धरण्याचे कारण नाही.

आता पुरुषवर्गाला दोन शब्द. रोवणीहून परतलेली स्त्री लगेच पाण्याची घागर उचलते, चुलीपुढे वाकते, वाकूनच अंगण झाडते. कंबरेला सुटी अशी मिळतच नाही. शहरातील आपल्या घरांतही चित्र निराळे नाही. तेथे बांधीच्या जागी फरशी पुसणे आहे, इतकेच. हंगामाच्या त्या दिवसांत पाणी मुलांनी भरावे, पऱ्ह्यांच्या जुड्या आणि धानाचे कट्टे पुरुषांनी वाहावेत, झाडूला लांब दांडा लावावा. दांड्याचा बांबू आपल्या जिल्ह्यात काही दुर्मीळ नाही.