सायनसच्या ऑपरेशननंतरचं दुखणं

सायनसच्या ऑपरेशनला तयार झालेले पेशंट ऑपरेशनबद्दल फारसं विचारत नाहीत. विचारतात ते नाकातली पट्टी काढण्याबद्दल. कुणा काकांनी सांगून ठेवलेलं असतं, "ती ओढली तेव्हा ब्रह्मांड आठवलं!"

काका खोटं सांगत नाहीत. त्यांच्या वेळी वरचा ओठ उचलून, हिरडीवर चिरा देऊन, गालाच्या हाडाला भोक पाडत. गाल सुजायचा, दात बधिर व्हायचे आणि नाकात ठासलेली लांबलचक पट्टी नंतर ओढून काढायचे. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीची वाट दाखवली, १९८०च्या दशकात स्टामबर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी ती रूढ केली. आता बहुतेक काम नाकपुडीतूनच होतं. पट्टी अनेकदा लागतच नाही, किंवा विरघळणारी असते.

मग दुखत नाही का? दुखतं. पहिले दोन-तीन दिवस डोळ्यांच्या मधोमध ठणका, कपाळ जड. पण नीट खोदून विचारलं की कळतं, यातला बराचसा त्रास चोंदण्याचा आहे. तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेला, झोप नाही. त्यावर गोळी काय करणार? उशाला दोन उशा घ्या, डॉक्टर सांगतील तेव्हापासून उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-सोडा घालून नाक धुवा. आणि शिंकरू नका!

खऱ्या ठणक्याला बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरतं, पण घड्याळ लावून घेतलं तर. आपल्याकडे गोळी न घेणं हा पराक्रम समजतात. मग रात्री अकराला दुखणं डोक्यावर बसतं आणि एक गोळी त्याला पुरत नाही. मोठ्या माणसाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर मात्र जाऊ नये, यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी खाली. सर्दीच्या गोळीतही तेच औषध असतं, तेही हिशेबात धरा.

अमेरिकेत या ऑपरेशननंतर अफूच्या कुळातल्या गोळ्या सर्रास देत. कित्येकांच्या त्या कपाटात उरायच्या, आणि तिथल्या व्यसनाच्या साथीला अशा उरलेल्या गोळ्यांनीही खतपाणी घातलं. आपल्याकडे त्यातलं ट्रॅमाडॉल २०१८मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. या दुखण्याला ते क्वचितच लागतं.

आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळीने रक्तस्राव वाढेल ही भीती अभ्यासांत फारशी खरी ठरलेली नाही. भीती वेगळीच आहे. नाकात मांस वाढलेलं, सोबत दमा, अशा काहींना ॲस्पिरिन-आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळीने दम्याचा जीवघेणा झटका येतो. आणि हेच लोक सायनसच्या ऑपरेशनला येतात! शेजारणीने प्रेमाने दिलेली कंबरदुखीची गोळी अनेकदा याच जातीची असते. आधी दम्याचं सांगा, मग गोळी घ्या.

गोळीला न जुमानता वाढत जाणारं दुखणं, सुजलेला डोळा, एकाचे दोन दिसणं, तापासोबत ताठ झालेली मान, वाकल्यावर एकाच नाकपुडीतून टपटपणारं स्वच्छ पाणी, न थांबणारं रक्त: यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोनला फोन केला म्हणून डॉक्टर वैतागतील, वैतागू द्या.