शेवाळाचं तेल : आधी काढणीचं विचारा



मागे एका गावच्या बैठकीत एका शेतकऱ्याने मला विचारलं, "साहेब, शेततळ्यात शेवाळ वाढवलं की त्याचं डिझेल होतं म्हणतात. एक जण करार करायला आलाय. काय करू?" आज त्याबद्दलच बोलू.

शेवाळात तेल असतं आणि त्याचं बायोडिझेल होतं, हे खरं. अडचण आहे ती काढणीची. ज्वारी कापता येते, भुईमूग उपटता येतो. हे शेवाळ म्हणजे मात्र पाण्याचा नुसता हिरवा रंग. एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, नाही तर त्याहून बारीक. फडक्याने गाळलं तर पाण्याबरोबरच निघून जातं. हजार लिटर पाण्यातून कोरडं शेवाळ मिळतं साधारण अर्धा ते एक किलो. यंत्राने गरगर फिरवून ते वेगळं होतं, पण त्याला वीज फार लागते.

गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, गाळ खाली बसतो. शेवाळही तुरटीने बसतं, पण ती तुरटी त्या मालातच राहते. म्हणून शास्त्रज्ञांनी बुरशीला कामाला लावलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले.  पाणी हलवत ठेवलं की बुरशीच्या धाग्यांच्या बारीक गोळ्या होतात. शेवाळाचे कण त्या धाग्यांना चिकटतात, गुंततात. गोळ्या चाळणीवर सहज धरता येतात.

मग अडलंय कुठे? बुरशीलाही खायला लागतं, आणि साखर घातली तर खर्च वाढतो. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी प्रक्रिया केलेलं गव्हाचं काड वापरून पाहिलं. प्रयोगशाळेत जमलं, पण तळ्यावर परवडेलच असं नाही.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक : बुरसटलेलं धान्य किंवा शेंगा तळ्यात टाकून हा प्रयोग घरी करू नका. भुईमुगावरच्या बुरशीत विष तयार होतं. मेलबर्नला वापरलेल्या बुरशीची जात तर फुप्फुसाचा आजार करणारी आहे.

दोन : करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. शेवाळ पाण्यातून काढणार कसं? त्याचा खर्च कोणाचा? माल कोण घेणार, आणि दर लेखी देणार का? मोगली एरंडाच्या वेळी हे प्रश्न राहून गेले. रोपं लावली, पण सांगितलं तेवढं बी आलं नाही आणि गिऱ्हाईकही मिळालं नाही.

उत्तरं गुळमुळीत आली तर शेततळ्यातलं पाणी पिकालाच द्या. करार आला तर कागद घेऊन कृषी विज्ञान केंद्रात या. वाचून देऊ, समजावून सांगू.