एक नाणे, अनेक घरे
(गडहिंग्लज येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या गडहिंग्लजहून संकेश्वरला जाताना राज्य बदलते, पाट्यांची लिपी बदलते; पण खिशातला रुपया बदलावा लागत नाही. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा आपण विचारही करीत नाही. आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा तेथे संस्थानचा स्वतःचा रुपया चाले. त्याला हाली शिक्का म्हणत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार. ७ हाली म्हणजे ६ कलदार, असा हिशेब. म्हणजे ७०० हाली घेऊन सोलापूरच्या बाजारात आलेल्या माणसाच्या हाती ६०० कलदार पडत. ज्याला हे त्रैराशिक येत नसेल, त्याची फसवणूक व्हायला कितीसा वेळ लागणार? १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, तरी हे नाणे एका दिवसात गेले नाही. १९५१ साली ते नव्याने काढणे थांबले आणि १९५९ साली ते चलनातून कायमचे गेले.

आता युरोपकडे पाहू. तेथील देशांनी १९९२ साली मास्ट्रिख्ट येथे करार करून सर्वांचे एक नाणे करण्याचे ठरविले. ब्रिटन व डेन्मार्क यांनी मात्र संघात राहूनही या नाण्याबाहेर राहण्याची मुभा मिळविली. १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा व नाणी लोकांच्या हाती आली. डेन्मार्कच्या जनतेने २००० साली मतदान करून युरो नाकारला होता. ब्रिटनने तर २०२० साली संघच सोडला.

बाहेर राहणारा शहाणा की आत जाणारा? उत्तर सोपे नाही. ग्रीस आत गेला. २०१० च्या सुमारास तो कर्जात बुडाला, तेव्हा आपल्या नाण्याची किंमत उतरवून निर्यात वाढविण्याचा मार्ग त्याला उरला नव्हता. कारण नाणे त्याचे एकट्याचे नव्हते. पगार आणि पेन्शन कापली गेली. उलट डेन्मार्क बाहेर राहिला, पण त्याने आपला क्रोन युरोशीच बांधून ठेवला आहे. त्यामुळे युरोपच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर बदलला की डेन्मार्कलाही बहुधा तिच्यामागून जावे लागते; आणि तो दर ठरविणाऱ्या बैठकीत त्याला मत नाही.

मग आपल्या देशात इतक्या राज्यांचा एक रुपया कसा चालतो? आपल्याकडे नाण्यामागे सामाईक खजिनाही आहे. केंद्राच्या करांतील वाटा वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांना मिळतो आणि दुबळ्या राज्यांच्या गरजेचा त्यात विचार होतो. युरोपने नाणे एक केले, परंतु खजिने बहुतांशी वेगळेच ठेवले. ग्रीसच्या हालांचे एक मोठे कारण हेच.

पालकहो, हे सारे येथे सांगण्याचे कारण एवढेच की, आपली शिक्षणसंस्थाही एक सामाईक खजिनाच आहे. कोणी अधिक देतो, कोणी कमी. पण फी भरू न शकणाऱ्या घरातल्या मुलीचाही त्यावर तितकाच हक्क आहे. 'आमचे आम्ही पाहू' म्हणून बाहेर राहण्याची मुभा प्रत्येकाला आहे. परंतु बाहेर राहणाऱ्याच्या मुलांनाही उद्या याच गावच्या शाळेत यायचे आहे, आणि तेथील निर्णय मात्र त्याच्यावाचून झालेले असतील. आत येणाऱ्यानेही नुसती वर्गणी देऊन थांबू नये. वार्षिक सभेला यावे, हिशेब वाचावा, न समजल्यास विचारावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, गणिताला भिऊ नका. ७ हालीचे ६ कलदार होताना ज्याला हिशेब येत होता, तोच बाजारातून ताठ मानेने घरी गेला. करार देशादेशांतला असो की दुकानातल्या उधारीचा, आधी वाचा, हिशेब करा, मगच सही करा.