बोटांच्या फटीतला उजेड

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही वाङ्मय घेऊन. तरी प्रकाशाबद्दल बोलायचं धाडस करतोय, कारण उजेडावाचून आम्हा कवींचं पान हलत नाही. माझ्या घरात ‘नूर’ आणि ‘उजेड’ हे दोन्ही शब्द गुण्यागोविंदानं नांदतात. हल्ली कविसंमेलनांत मात्र ‘अनिश्चितता’ हा तिसरा पाहुणा वारंवार येऊ लागलाय. ‘विज्ञानच म्हणतं, काहीच नक्की नसतं’ असं कोणी म्हटलं की टाळ्या पडतात. माझी तक्रार आहे ती या टाळ्यांबद्दल.

१९२७ साली वेर्नर हायझेनबर्ग या पंचविशीतल्या जर्मन शास्त्रज्ञानं जे मांडलं, ते मोघम मुळीच नाही. कणाची जागा जितकी नेमकी ठरवाल, तितका त्याचा संवेग सैल सुटतो. किती सुटतो, याचाही चोख हिशेब आहे. दोन्हींकडच्या अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरलेल्या आकड्याखाली जात नाही. हा हिशेब कुठल्याही वाण्याच्या वहीपेक्षा काटेकोर आहे!

आता प्रकाशकणाचं, म्हणजे फोटॉनचं पाहू. निर्वात जागेत त्याचा वेग ठरलेला, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. मग अनिश्चित काय राहिलं? दिशा राहिली. हे तुम्हाला घरबसल्या पाहता येईल. एक डोळा मिटा, दोन बोटं उघड्या डोळ्याजवळ धरा आणि मधल्या फटीतून दिव्याकडे पाहा. सूर्याकडे मात्र नको. बोटं आता टेकणार अशा बेताला आली की फटीत बारीक काळ्या रेघा दिसू लागतात. फट अरुंद करणं म्हणजे प्रकाशकणाला ‘इथूनच जा’ असं बजावणं. जागा आवळली की त्याचा आडवा संवेग मोकळा सुटतो आणि उजेड सरळ न जाता बाजूंना पसरतो. फट निम्मी केली तर पसारा साधारण दुप्पट. काही दिशांना तो जातो, काहींना जातच नाही, त्या या रेघा.

कणांची गर्दी होऊन धक्काबुक्की होत असेल, असं वाटेल. तसंही नाही. १९०९ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी उजेड इतका मंद केला, की शिवणाच्या सुईच्या सावलीचं एक छायाचित्र उमटायला जवळजवळ तीन महिने लागले. सावलीच्या कडेच्या पट्ट्या तरीही तितक्याच स्पष्ट उमटल्या.

आपली उपकरणं अडाणी म्हणून हे घडतं, हाही गैरसमज. तबल्यावरची एखादी टिचकी ऐकून तिचा सूर नेमका सांगता येत नाही. दोष कानांचा नसतो. क्षणभराच्या आवाजात एकच एक सूर मावतच नाही. तसंच, अतिशय छोट्या प्रकाशझोताला एकच शुद्ध रंग नसतो.

आणि ‘काहीच कळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी ‘लायगो’चं उदाहरण. अमेरिकेतल्या या वेधशाळेच्या दोन्ही केंद्रांचे बाहू ४ किलोमीटर लांबीचे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तिथे गुरुत्वलहरी प्रथम टिपल्या गेल्या. आरशांची हालचाल होती प्रोटॉनच्या आकाराच्याही कितीतरी पट लहान. तिथे अडसर होता तो प्रकाशाच्याच अनिश्चिततेचा. ती पुसता येत नाही, पण ढकलता येते. गादीतला कापूस एका बाजूनं दाबला की दुसरीकडे फुगतो ना, तसं. प्रकाशलहरीची वेळ नेमकी केली की प्रकाशकणांची संख्या जास्त डळमळते. २०१९पासून लायगोत असा ‘आवळलेला’ प्रकाश नियमित वापरात आला. पण डळमळणारे कण ४० किलोच्या आरशांना ढोसू लागले आणि मंद कंपनं टिपणं अवघड झालं. म्हणून २०२३पासून जलद कंपनांसाठी एक बाजू आवळतात, मंद कंपनांसाठी दुसरी. त्यासाठी ३०० मीटर लांबीची वेगळी प्रकाशनळी बसवली आहे.

याच जातीची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. मराठवाड्याच्या त्या माळावरही बाहू ४ किलोमीटरचेच असतील, आणि कापूस कुठून दाबायचा हा प्रश्नही तोच असेल.