अंड्यांचा हिशोब कोण मागणार?

(बोईसर येथे रविवारच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



आज मी देणगी मागायला उभी नाही. आपल्या हातून झालेली एक चूक सांगायला उभी आहे.

तारापूरच्या कारखान्यांपासून फार लांब नसलेल्या एका पाड्यावर आपण दर बुधवारी मुलांना अंडी वाटत होतो, कारण तिथल्या अंगणवाडीत कित्येक आठवडे अंडी आली नव्हती. मुलं खात होती, आपल्याला समाधान वाटत होतं. मग एके दिवशी दोन लेकरांची आई मला म्हणाली, "ताई, तुमची अंडी यायला लागली, तेव्हापासून सरकारची का येत नाहीत हे कोणी विचारतच नाही."

तिचं खरं होतं. ते अंडं दान नाही, हक्क आहे. 2015 साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. पुढे सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी आली. त्यासाठी गावातच आहार समिती असते. शिवाय 1996 च्या पेसा कायद्याने आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अशा कामांवर देखरेखीचा अधिकार दिला आहे. 1992 मध्ये जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला बालकं कुपोषणाने दगावली, त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. पण विचारणारं कोणी नसेल तर योजना कागदावरच राहते.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आठवा. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकूर झाली. प्रेषितांनी कुरकूर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. आपल्या पदरचं वाढून विषय मिटवलाही नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं आणि सात माणसं निवडण्याचं काम मंडळीवरच सोपवलं.

आम्ही त्या आयांबरोबर ग्रामसभेला गेलो आणि मागे बसलो. प्रश्न त्यांनीच विचारले: पैसे किती आले? अंडी किती घेतली? मुलांना किती दिवस मिळाली? तेव्हा कळलं की समितीची बैठकच झाली नव्हती, बिलं अडकली होती आणि सेविका स्वतःच्या नावावर उधारीने अंडी आणत होती. शेवटी दुकानदाराने हात आखडता घेतला. आम्ही मनातल्या मनात तिलाच दोषी धरलं होतं. ठराव लिहिला गेला. काही आठवड्यांनी अंडी सुरू झाली, अजून चारही दिवस येत नाहीत. दिवाळीनंतर घरं वीटभट्टीवर गेली की त्या मुलांचं काय, हा प्रश्न तर उभाच आहे.

म्हणून विनंती एवढीच. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यांपैकी एका ग्रामसभेला आमच्याबरोबर चला. बोलू नका, नुसते आयांच्या पाठीशी बसा. आणि आपल्या मिशनचा हिशोबही यंदा त्याच पाड्यावर वाचून दाखवू या. दुसऱ्याला जाब विचारायचा, तर आपणही जाब द्यायला हवा.

प्रभू आपल्याला तेवढं धैर्य देवो. आमेन.